उजेड कुणाच्या वाट्याला?

बास्केटबॉलचा जन्मच छपराखालचा. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी तो रचला, तो थंडीत पोरांना आत खेळता यावं म्हणून. त्यामुळे अपुरा उजेड फोटोग्राफरच्या पाचवीलाच पुजलेला.

1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं, तेव्हा कॅमेऱ्यात रोल असायचा. अंधाऱ्या हॉलमध्ये 400 ची कृष्णधवल फिल्म 1600 ची समजून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. पाव उजेडात काम भागायचं, पण फोटोवर दाणे उठायचे. दुसरी युक्ती फुकटची. उडी मारलेला खेळाडू सर्वांत वर पोचला की क्षणभर जवळजवळ थांबतो. शटर तेव्हाच दाबायचं. एका रोलमध्ये फोटो 36.

2007 मध्ये निकॉनचा डी3 आला आणि 6400 आयएसओवरही छापण्याजोगे फोटो मिळू लागले. पण उजेडाची वाटणी तशीच राहिली. 2019 मध्ये मुंबईत एनबीएचे सामने झाले, ते टीव्हीसाठी लख्ख उजळून. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं. तिच्यामागून येणाऱ्या मुलींचे सामने मात्र मी अनेकदा मिणमिणत्या दिव्यांखालीच पाहतो. फोटो नसला की इतिहासात नावही पुसट होतं, असं मला वाटतं.

म्हणून तुम्ही तरी टिपा. फोनचा नाइट मोड बंद ठेवा. तो अनेक फ्रेम एकत्र करतो, धावणारी मुलगी धूसर होते. उडीच्या टोकाची वाट बघा.