मानमोडीचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने व्यासपीठावर यावे ते पगार, बोनस, नाही तर संप यांवर बोलण्यासाठी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्ही आज रोगाच्या साथीवर बोलण्यास उभे आहोत. आम्ही डॉक्टर नाही आणि कॉलेजची पायरीही कधी चढलो नाही. परंतु युनियनच्या कचेरीत तीस वर्षे बसून आम्ही एक काम नेमाने केले, ते म्हणजे मालकाने पुढे केलेला आकडा उलटून पाहणे. कारखान्याचे सरासरी वेतन अमुक, असे कोणी सांगितले की त्या सरासरीत मॅनेजरसाहेबांचा पगार धरला आहे काय, हे आम्ही पहिल्याने विचारतो. ही खोड आम्हांला साथींच्या इतिहासाकडे घेऊन गेली. एकच साथ एका मुलखाला झोडपते आणि दुसऱ्याला थोडक्यात सोडते, असे का होते? आणि हा फरक मोजावयाचा कसा? आजचा विषय एवढाच आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या वर्षीच्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, तेथून या कहाणीला सुरुवात होते. महायुद्धातून परतणारी जहाजे त्याच गोदीला लागत होती. पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात उठली, आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबईहून रेल्वेच्या मार्गाने साथ देशभर पसरली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन बसला होता, धान्य महाग झाले होते, आणि जनावरांना चारा नव्हता. उपाशी माणसाच्या दारात ताप येऊन उभा राहिला.

माणसे किती मेली? येथेच पहिली अडचण येते. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ साली पहिला अंदाज दिला, तो सुमारे ६० लाखांचा. १९२१ च्या शिरगणतीत तो सव्वा कोटीच्या घरात गेला. १९५१ साली किंग्जली डेव्हिस यांनी तो सुमारे २ कोटींवर नेला. १९८६ साली मिल्स यांनी १ कोटी ७० ते ८० लाख म्हटले. २०१२ साली केवळ ब्रिटिश अमलाखालील जिल्ह्यांचा हिशेब पुन्हा झाला, तो १ कोटी ४० लाखांच्या आसपास आला. मेलेला माणूस एकदाच मरतो, मग आकडा शंभर वर्षे का हलत राहतो? कारण उघड आहे. गावचा मृत्यू नोंदावयाचा तो पाटलाने नाही तर कोतवालाने. आणि ऑक्टोबरात तोच अंथरुणावर होता, किंवा चितेवर. ज्या गावावर घाला सर्वांत मोठा, त्या गावची नोंद सर्वांत लंगडी. हे सूत्र श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

मानमोडीच्या तक्त्यात प्रांतवार फरक मोठा दिसतो. मध्यप्रांतात दर हजारी पन्नासांहून अधिक माणसे गेली, मुंबई इलाख्यात चाळिसांहून अधिक, आणि बंगालात मात्र दहाच्या आत. तक्ता पाहताच मनात येते की बंगाली माणूस काटक आणि वऱ्हाडातला नाजूक. पण असा निकाल देण्याची घाई करू नये. कशाची तुलना कशाशी करावी, हे आधी शिकले पाहिजे. आणि ते शिकण्यासाठी थोडा वेळ लंडनला जाऊन यावे लागेल.

१८५४ साली लंडनमध्ये पटकी चालू होती. डॉ. जॉन स्नो यांचे म्हणणे असे की, पटकी हवेतून येत नाही, पाण्यातून येते. हे सिद्ध कसे करावे? गरीब वस्तीत मृत्यू अधिक, हे तर सर्वांनाच दिसत होते. पण गरीब वस्तीत हवाही वाईट आणि पाणीही वाईट. स्नोसाहेबांना दक्षिण लंडनचा एक भाग सापडला, जेथे दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याने गेले होते. एका घराला एका कंपनीचे पाणी, शेजारच्या घराला दुसरीचे. हवा तीच, गल्ली तीच, माणसे त्याच थरातली. एक कंपनी शहराची घाण मिसळलेले पाणी थेम्सवरून उचलीत होती, दुसरीने आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला नेला होता. स्नो घरोघर फिरले. पहिल्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू निघाले, दुसरीच्या ३७. बाकीचे सारे सारखे ठेवून एकच गोष्ट वेगळी असेल, तरच फरकाचे माप त्या गोष्टीवर टाकता येते. हा धडा आमच्यासारख्या शाळा सोडलेल्या माणसालाही समजला. एकाच खात्यात, एकाच यंत्रावर, एकाच पाळीत काम करणाऱ्या दोघांचा पगार वेगळा निघाला, तरच पक्षपाताचा आरोप टिकतो. निराळ्या खात्यांची तुलना मालकाचा वकील एका वाक्यात उडवून लावतो.

आता मानमोडीचा प्रांतवार तक्ता या कसोटीवर घासून पाहा. मुंबईत साथ सप्टेंबर-ऑक्टोबरात आली, पूर्वेकडे ती उशिरा पोहोचली. अलीकडे, २०१४ साली, जिल्हावार नोंदी तपासून अभ्यासकांनी दाखविले की साथ जसजशी पूर्वेकडे सरकली तसतशी तिची धार कमी होत गेली. पश्चिम व मध्य भागात दुष्काळ होता, तो सगळीकडे सारखा नव्हता. दिवसरात्रीच्या उष्णतेतही फरक होता. म्हणजे प्रांतांच्या तक्त्यात रोगाची धार, पावसाची तूट, हवामान आणि लोकांची अवस्था या सर्वांची खिचडी झाली आहे. त्यातून लोकांचा दुबळेपणा तेवढा वेचून काढणे सोपे नाही. प्रांतांचे आकडे खोटे नाहीत, पण ते पुरेसे बोलत नाहीत.

पुरेसे बोलतो तो दुसरा तक्ता, एकट्या मुंबई शहराचा. शहर एक, महिने तेच, रोग तोच. त्या तक्त्यात युरोपियनांचे मृत्यू दर हजारी ८.३, पारशांचे ९.०, वरच्या जातींच्या हिंदूंचे १८.९, मुसलमानांचे १९.२, आणि ज्यांना त्या वेळच्या सरकारी भाषेत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणत त्यांचे ६१.६. साडेसात पटींची ही दरी एकाच बेटावरची आहे. येथे पावसाची सबब चालत नाही, आणि रोगाची धार बोथट झाली हीही चालत नाही. जातीजातींच्या रक्तात असा फरक नसतो. फरक होता तो खोलीत, पाण्यात, ताटात आणि कामात. शहराची घाण उचलणारा आणि गोदीत ओझी वाहणारा माणूस तापात निजून राहू शकत नव्हता, कारण निजला तर दुसऱ्या दिवशी चूल पेटत नव्हती. त्याच वेळी देशभर वीस ते चाळीस वयाच्या माणसांवर, त्यातही बायकांवर, साथीचा विशेष घाला पडला, असे १९२१ च्या शिरगणतीने नोंदविले. आजाऱ्याची शुश्रूषा करणारी तीच आणि सर्वांच्या शेवटी जेवणारीही तीच. घराच्या आतही एक मुलूख दुबळा असतो; तो कोणत्याच नकाशावर दिसत नाही.

या साथीनंतर तीनच महिन्यांनी, १९१९ च्या जानेवारीत, मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला आणि लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले. संपाचे कारण महागाई होते. पण त्या लाखांत मानमोडीतून उठलेले आणि घरचे माणूस गमावलेले किती असतील, याचा विचार आमच्या मनातून जात नाही. त्यांची मागणी पगारवाढीची होती. आमच्या समजुतीप्रमाणे तीच त्या काळातली सर्वांत शहाणी आरोग्य-योजना होती.

मोजणाऱ्याने आपल्या बाजूचा आकडाही तपासला पाहिजे, म्हणून एक उदाहरण आमच्याविरुद्ध देतो. १९२१ साली मुंबईत एका खोलीत वा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांच्या हजार जन्मांमागे ८२८ अर्भके दगावली, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा अधिक खोल्यांत १३३, असा तक्ता आहे. सभेत हा आकडा टाकला की सभा थरारते. पण कोकणातली कामगाराची बायको बाळंतपणाला गावी जाते, जन्माची नोंद गावी होते. मूल घेऊन ती चाळीत परतते आणि मृत्यूची नोंद मुंबईत होते. भागाकाराचा छेद लहान झाला की उत्तर फुगते. तेव्हा ८२८ हा आकडा जसाच्या तसा मानू नये. तरीही त्याचे निम्मे केले तर ४१४ उरतात, म्हणजे चार खोल्यांच्या तिपटीहून अधिक. खोटी भर काढून टाकली तरी उभा राहतो तोच आकडा खरा.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या साथीकडे येऊ. २०२० च्या जुलैमध्ये राजीब आचार्य आणि आकाश पोरवाल यांनी करोनाच्या दृष्टीने भारतातील राज्यांचा व जिल्ह्यांचा दुबळेपणा मोजणारा एक निर्देशांक ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सांपत्तिक स्थिती, लोकसंख्येची घडण, घर व स्वच्छता, आजारांचे प्रमाण आणि दवाखान्यांची सोय अशा पाच सदरांत पंधरा मापे घेतली. त्यात मध्यप्रदेश सर्वांत दुबळा ठरला, सिक्कीम सर्वांत सुरक्षित. पण २०२० साली रुग्ण सर्वांत अधिक सापडले ते महाराष्ट्रात. मग निर्देशांक चुकला काय? नाही. रोग प्रथम कोठे येईल हे विमानतळ आणि बाजारपेठा ठरवितात. आल्यावर कोणाला उठू देणार नाही, एवढेच निर्देशांक सांगू पाहत होता. या दोन प्रश्नांची गल्लत केली की चांगले मापही बदनाम होते.

त्याच जुलैमध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत १०० पैकी ५७ जणांना रोग स्पर्शून गेला होता, बाहेरच्या इमारतींत १६ जणांना. गल्ली एक, मध्ये एक भिंत. स्नोसाहेबांचीच ही पद्धत. सामायिक संडास आणि दहा बाय दहाची खोली यांनी आपले काम केले. मात्र लागण झालेल्यांपैकी मृत्यूचे प्रमाण झोपडपट्टीत कमी आढळले, कारण तेथे तरुण माणसे अधिक आणि करोना म्हाताऱ्यांचा वैरी. मानमोडी जवानांवर तुटून पडली होती. तीच जर २०२० साली आली असती तर हाच तक्ता उलटा झाला असता. म्हणून दुबळेपणाचा आकडा कायमचा दगडावर कोरून ठेवता येत नाही. कोणत्या साथीपुढे दुबळा, हे दर वेळी विचारावे लागते.

आणि एक मोजमाप कोणत्याच सदरात नव्हते. मजुरी थांबली तर हा माणूस किती दिवस जगेल? २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी आली आणि लक्षावधी मजूर चालू लागले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते मध्यप्रदेशचे होते. त्यांना रोग झाला नव्हता. तेव्हा साथीच्या तक्त्यात त्यांचे नाव नाही. आमचा हिशेब मात्र त्यांना सोडून पुरा होत नाही.

दोष दुसऱ्यांचाच सांगून चालणार नाही. त्या एप्रिलमध्ये आमच्या युनियनने शिधा वाटला. वाटप सभासदांच्या रजिस्टरप्रमाणे केले, आणि काम नीट झाले म्हणून आम्ही समाधान मानले. वस्तीच्या मागल्या अंगाला मुकादमाने घेतलेल्या एका खोलीत कंत्राटी मजूर राहत होते. ते आमच्या रजिस्टरात नव्हते, रेशनच्या यादीत नव्हते, मतदारयादीतही नव्हते. चौथ्या दिवशी एका चहावाल्याने सांगितले म्हणून आम्ही तेथे गेलो, तेव्हा खोलीला कुलूप होते. ते कोणत्या रस्त्याने गेले, पोहोचले की नाही, हे आम्हांला आजतागायत कळलेले नाही. १९१८ च्या कोतवालाची वही आणि २०२० चे आमचे रजिस्टर यांत फरक राहिला नाही. सर्वांत दुबळा माणूस यादीच्या बाहेर होता, आणि यादी पाहून आम्ही निश्चिंत होतो. त्या वर्षी सरकारच्या हाताशी असलेली शिरगणती २०११ ची होती. १९१८ साली होती ती १९११ ची.

श्रोतेहो, पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आल्यावर मोजणी सुरू करून भागत नाही, हे वरच्या इतिहासातून दिसते. आपल्या गावापुरते करता येण्यासारखे थोडे आहे. प्रत्येक प्रभागात एका खोलीत माणसे किती, एका संडासामागे किती, नळ दिवसाला किती वेळ, जवळचा दवाखाना किती लांब, मजुरी बंद झाली तर घरात किती दिवसांचे धान्य, आणि कोणत्याच यादीत नाव नाही अशी माणसे कोण, एवढे सहा प्रश्न पुरेत. यासाठी दिल्लीचा निर्देशांक नको. वही, पेन्सिल आणि संध्याकाळचे दोन तास हवेत. मात्र मोजून झाल्यावर ती वही कपाटात ठेवावयाची नाही. ज्या प्रभागाचे उत्तर सर्वांत वाईट, तेथे नळ आणि संडास आधी, असे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात लिहून घेईपर्यंत पाठपुरावा करावयाचा.

आमच्या युनियनची काही मुले पावसाळ्यापूर्वी एक प्रभाग मोजून काढणार आहेत. सुरुवात त्या कुलूप लागलेल्या खोलीच्या गल्लीपासून होईल. आपल्यापैकी ज्यांना येणे शक्य असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर दाराशी नाव द्यावे.