जुनी ट्रॉली सरपणासाठी वापरताय? आधी हे तपासा

अहिल्यानगर जिल्ह्यात ऊस वाहून जुनी झालेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुढे सरपण आणायला कामी येते. गंजलेला पत्रा लगेच दिसतो, पण खरा धोका हूक, पिन आणि चाकांत असतो.

- हूक-पिन: भोक झिजले असेल तर हूक बदलावा. पिनेला लॉक हवेच.
- चाके: जॅकवर उचलून हलवावीत. चाक डुगडुगले तर बेअरिंग तपासून ग्रीस भरावे.
- पाटे, टायर: तडा किंवा चीर गेलेले बदलावेत.
- वजन: ओले लाकूड वाळलेल्यापेक्षा खूप जड असते. बऱ्याच ट्रॉलींना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणून उतारावर भार ट्रॅक्टरला ढकलतो.
- रिफ्लेक्टर: मागे लाल लावावेत. अंधारात उभी ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही, आणि जीव तिथेच जातो.