गोव्याचा नकाशा आणि ग्रामसभा
प्रादेशिक आराखडा, म्हणजे कोणती जमीन शेतीला, कोणती वस्तीला वा वनाला राखायची हे रंगांनी दाखवणारा सरकारी नकाशा, गोव्यात 2006 साली अधिसूचित झाला, तेव्हा डोंगरउतार व बागायती वस्तीच्या पट्ट्यात गेल्याचे पाहून लोक खवळले आणि ‘गोवा बचाव अभियाना’च्या रेट्याने 2007च्या प्रारंभी तो सरकारला मागे घ्यावा लागला. पुढे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या, नवा आराखडा बनवण्यासाठी नेमलेल्या कृती दलाच्या काळात 2021 सालापर्यंतच्या या आराखड्याचे गावनिहाय नकाशे ग्रामपंचायतींपुढे आले. हे फार मोलाचे होते, कारण खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती, नेमकी कुठे संपते हे मानशीचे, म्हणजे बांधातून पाण्याची ये-जा आवरणाऱ्या झडपेचे, दार रोज पाहणाऱ्या गावकऱ्यालाच ठाऊक असते. मात्र 2012 साली नव्या सरकारने हा आराखडाही स्थगित ठेवला.