पानगळीतली कचारगडची वाट

कोजागरीच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातलं जंगल हिरवंकंच असतं. बोड्या काठोकाठ भरलेल्या असतात, गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावांच्या शिवारात धान लोंबीवर आलेला असतो आणि पूर्वेकडच्या डोंगरांतल्या पायवाटा अजून गवतात हरवलेल्या असतात. अमेरिकेत किंवा जपानमध्ये लोक याच दिवसांत रंगलेली पानं पाहायला दऱ्याखोऱ्यांत उतरतात. इथं त्यासाठी माघापर्यंत कळ काढावी लागते. थंड देशांतली झाडं गारठ्यापायी पानं टाकतात, पूर्व विदर्भातली तहानेपायी. जमिनीतली ओल खाली उतरू लागली की सालई आणि मोवई आधी उघड्या पडतात. ऐनाचा पाला तांबूस होतो, तेंदूचा पिवळा, आणि सागाची किडींनी जाळी केलेली पानं वाऱ्यावर खडखडत राहतात. फाल्गुनात पळस फुलतो. चैत्राच्या तोंडावर कुसुमाला फुटणारी पालवी तर हिरवी नसतेच, लालभडक असते. इथलं जंगल दोनदा रंगतं, पान जाताना आणि पान येताना.

या पानगळीच्या आरंभी माघ पौर्णिमा येते आणि गोंदियाच्या फलाटांवर पिवळे फेटे दिसू लागतात.

ही गोंड माणसं निघालेली असतात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या जत्रेला. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी रेल्वे आमगाव आणि सालेकसा मागे टाकते, भातखाचरं संपतात आणि रूळ डोंगरात शिरतात. दरेकसा हे महाराष्ट्रातलं शेवटचं स्थानक, पुढे बोगदा आणि छत्तीसगड. दरेकशाजवळच हाजरा फॉल आहे. पावसाळ्यात तिथे सहलींची झुंबड असते, माघात मात्र धबधब्याचा खडकच जास्त दिसतो. जत्रेकरू तिकडे वळत नाहीत. ते धनेगावची वाट धरतात आणि तिथून पायी दरीत शिरून डोंगर चढतात. दोन्ही बाजूंना पानं झडत चाललेलं रान, पायाखाली पाचोळा, आणि वर खडकाच्या पोटात एक प्रचंड गुहा. ती आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा असल्याचं या भागात सर्रास सांगितलं जातं. हा दावा बाजूला ठेवला तरी गुहेच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस फार लहान दिसतो, एवढं खरं.

खडकाचं वय मात्र माणसाच्या हिशेबात न बसणारं आहे. डोंगरगडच्या आसपासच्या या टापूत प्राचीन ज्वालामुखीतून आलेला रायोलाइट आढळतो आणि भूशास्त्रज्ञ त्याला बिजली रायोलाइट म्हणतात. त्याचं वय दोनशे कोटी वर्षांहून जास्त आहे. दख्खनचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्यापुढे अगदीच कोवळा. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर वाढलेल्या माणसाला हे डोंगर वेगळे वाटतात ते उगाच नव्हे.

डोंगररांगेतली ही फट जुन्या काळापासून माणसांच्या उपयोगाची होती. छत्तीसगडचा तांदूळ पश्चिमेकडे न्यायचा तर मधलं जंगल ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि रेल्वे येण्याआधी ते काम बंजाऱ्यांच्या बैलांचे तांडे करत. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने नागपूर-छत्तीसगड रेल्वे घातली. मीटरगेजची ही लाइन 1882 मध्ये राजनांदगावला पोचली. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बेंगॉल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. पुढे हाच मार्ग मुंबई-हावडा असा थेट जोडला गेला आणि देशातल्या सर्वांत वर्दळीच्या लोहमार्गांपैकी एक ठरला. रूळ आले तसा रानातल्या लाकडाचा भाव चढला. त्याआधीच मध्य प्रांतात इतरत्र स्लीपरांसाठी झालेल्या बेसुमार तोडीबद्दल कॅप्टन जेम्स फोर्सिथने 1871 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे, आणि फोर्सिथ हा जंगलखात्याचाच माणूस होता.

त्याच पुस्तकात त्याने गोंडांच्या लिंगोची कथा इंग्रजी पद्यात घातली. पण ती त्याला आयती मिळाली होती. ते श्रेय स्टीफन हिस्लॉपचं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. हा स्कॉटिश मिशनरी 1840च्या दशकात नागपुरात आला आणि धर्मप्रचाराइतकाच दगडधोंड्यांत, जीवाश्मांत आणि गोंडांच्या बोलीत रमला. एका परधानाच्या तोंडून त्याने लिंगोचं दीर्घ गीत टिपून घेतलं. परधान म्हणजे गोंडांचे गायक आणि वंशावळी राखणारे, हातात किंगरी घेऊन दारोदार कथा सांगणारे. सप्टेंबर 1863 मध्ये हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून मरण पावला. त्याचे कागद रिचर्ड टेंपल याने 1866 मध्ये छापून काढले, म्हणून ते गीत कागदावर उरलं.

त्या गीतात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर शिळा लावतो. चौघेजण निसटून काचीकोपा लोहगड नावाच्या डोंगराळ प्रदेशात आसरा घेतात. लिंगो त्यांना शेती आणि अग्नी शिकवतो, पुढे महादेवाला प्रसन्न करून कोंडलेल्या बांधवांना सोडवतो आणि त्यांची कुळं बांधून देतो. कचारगडला आज सांगितली जाणारी कथा याच कुळातली, पण तिची माणसं निराळी. कोंडले जातात काली कंकालीचे तेहेतीस पुत्र. त्यांची आई शोकाने वेडीपिशी होते. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो सुटकेचा मार्ग शोधतात, आणि हिरासुका पाटालीर नावाचा वादक आपल्या संगीताच्या बळावर शिळा सरकवतो. मुलं बाहेर येतात. हिरासुका शिळेखाली चिरडून मरतो. मुलं सोडवण्यासाठी एका वादकाने जीव दिला, ही या कथेतली सर्वांत हलवून टाकणारी गोष्ट आहे. परधानांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली यात नवल वाटायला नको.

ही गुहा नेमकी कुठली? 1916 मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ काढला, तेव्हा त्यांचा कल पचमढीकडे होता. महादेवाचं मोठं गुहामंदिर तिथेच आहे, हे त्यामागचं कारण. हैदराबाद संस्थानात काम केलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ यांनी 1940च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांकडून अशाच कथा ऐकल्या. महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरच्या डोंगरात जंगूबाईची गुहाही आहे आणि पौषात तिथे मोठी यात्रा भरते. मुखोद्गत गीत आपल्याबरोबर नकाशा घेऊन हिंडत नाही. ज्या दरीत ते गायलं जातं, तिथला डोंगर त्यात येऊन बसतो. त्यामुळे कोणती गुहा खरी, या वादात पुराव्याने निकाल लागण्याची शक्यता फारशी नाही. इतिहासाच्या अंगाने पाहिलं तर कचारगडला एवढी माणसं कधीपासून आणि कोणामुळे येऊ लागली, हाच प्रश्न अधिक रसाचा.

आणि त्याचं उत्तर अगदी अलीकडचं आहे. गुहेला आसपासचे गोंड पूर्वीपासून मानत असले, तरी आजच्या स्वरूपातली जत्रा 1980च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाली. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली, ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांचे काही सहकारी यांनी काचीकोपा लोहगड म्हणजे हाच डोंगर, अशी मांडणी केली आणि माघ पौर्णिमेला इथे यायला सुरुवात केली. कंगालींनी गोंडी भाषा आणि गोंडी पुनेम, म्हणजे धर्म, यांवर हिंदीत ग्रंथ लिहिले. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते, हा त्यांचा सिद्धान्त विद्वानांनी फारसा स्वीकारला नाही. पण कचारगडचा डोंगर त्यांनी लोकांच्या मनात पक्का रोवला. सुरुवातीला मूठभर माणसं होती. आज मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांतून लाखोंनी लोक येतात. ‘जय सेवा’चा घोष होतो, सप्तरंगी झेंडे लागतात, रात्रभर रेला गीतं आणि नाच चालतात, दिवसा भाषणं. जनगणनेत गोंडी धर्माचा स्वतंत्र रकाना हवा, गोंडीला आठव्या अनुसूचीत जागा हवी, या मागण्या याच मांडवात पुन्हापुन्हा उठतात. एकमेकांची भाषा न कळणारे गोंड इथे भेटतात. आदिलाबादचा गोंड तेलुगू मिसळून बोलतो, बैतूलचा हिंदी, गोंदियाचा मराठी.

चाळीस वर्षांच्या प्रथेला ‘प्राचीन’ म्हणायचं का, असा खोडसाळ प्रश्न कोणी विचारू शकेल. टिळकांच्या सार्वजनिक गणेशोत्सवाला आज कोणी विचारत नाही.

जत्रा पांगली की दरी पुन्हा जनावरांची होते. पानगळ हा इथला जनावरं दिसण्याचा हंगाम आहे. पावसाळ्यात चार हातांवरचं दिसत नाही, मात्र फाल्गुनानंतर झाडांमधून नजर लांबवर पोचते आणि पाचोळ्यावर मुंगसाचं पाऊलही ऐकू येतं. अर्थात ऐकू दोन्ही बाजूंना येतं. चालणाऱ्या माणसाची चाहूल सांबराला त्याच्या कितीतरी आधी लागते. पाणवठे आटत जातात तशी जनावरं उरलेल्या डबक्यांभोवती गोळा होतात, आणि म्हणूनच बुद्ध पौर्णिमेच्या चांदण्यात मचाणांवर बसून प्राणिगणना करण्याची रीत राज्यभर पडली. याच जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या रानावर व्यंकटेश माडगूळकरांनी 1979 मध्ये छोटेखानी पुस्तक लिहिलं. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी तर मराठीला रानाची एक अख्खी भाषा दिली. सालेकशाच्या डोंगरांना असा लेखक लाभला नाही. त्यांना परधान लाभले.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागतो. पहाटेच्या अंधारात बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, आणि अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली येतं. या भागातल्या अस्वलांच्या हल्ल्यांच्या बऱ्याच बातम्या याच दिवसांतल्या असतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा, ही जुनी सवय. ती आग आटोक्यात राहिली नाही की वणवा होतो. वनखातं दरवर्षी बजावतं आणि दरवर्षी रान जळतं. मे महिन्यात तेंदूचा हंगाम येतो. त्यासाठी आधीच झुडपं छाटलेली असतात, म्हणजे कोवळी, रुंद पानं फुटतात. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी गावच्या फळीवर मोजून द्यायचा. गोंदिया विसाव्या शतकात बिडीचं मोठं केंद्र झालं ते या पानावर आणि रेल्वेच्या सोयीवर. गुजरातेतून आलेल्या पटेल घराण्यांनी इथे कारखाने काढले, बिड्या मात्र वळल्या गेल्या मुर्रीसारख्या आसपासच्या गावांतल्या ओसऱ्यांवर. महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार 1969च्या कायद्याने सरकारच्या ताब्यात गेला. वनहक्क कायदा 2006 मध्ये आल्यावर पूर्व विदर्भातल्या अनेक ग्रामसभांनी पानांचा लिलाव स्वतः करायला घेतला.

मधल्या काळात या दऱ्यांकडे बाहेरच्या माणसाने फिरकणं कमी झालं, त्याचं कारण वेगळं होतं. तीन राज्यांच्या सीमा जिथे भिडतात तिथे पोलिसांना चकवणं सोपं, आणि नक्षलवाद्यांच्या एका तुकडीचं नावच ‘दरेकसा दलम’ होतं. वर्षानुवर्षे सूर्य कलला की सालेकशाच्या पुढे कोणी जायला धजत नसे. जत्रा या काळातही भरत राहिली.

आता दरीतल्या वाहतुकीचा प्रश्न वन्यप्राण्यांच्या बाजूने विचारला जातो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर 2013 मध्ये जाहीर झाला. पण त्यातले वाघ मोजकेच होते, इतके की मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या. वाघांनी आपणहून यायचं तर कान्हा, ताडोबा आणि इंद्रावती यांना जोडणारी जंगलाची सलगता टिकायला हवी, आणि गोंदिया जिल्ह्याचं रान या जोडणीत मधोमध येतं. मुंबई-हावडा लोहमार्ग तिला आडवा जातो. राजनांदगाव ते नागपूर तिसऱ्या मार्गाला 2015 मध्ये मंजुरी मिळाली. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-डोंगरगड चौथ्या मार्गालाही हिरवा कंदील दाखवला. अंतर 84 किलोमीटर, आणि वाट तीच, दरेकशाच्या डोंगरातली.