उधारीवरचा जिव्हाळा

मुंबईच्या गिरणी कामगाराला बायको नव्हती म्हणून तो एकटा होता, अशी एक समजूत आहे. खरं तर बहुतेकांची लग्नं झालेली असत. बायको रत्नागिरीत नाहीतर साताऱ्यात, सासू-सासऱ्यांत आणि शेताच्या तुकड्यात अडकलेली. गिरणीच्या पगारात बिऱ्हाड थाटणं कठीण, आणि गावची जमीन सोडली तर आजारपणात, संपात जायचं कुठे? 1911 आणि 1921 च्या जनगणनेत शहरात हजार पुरुषांमागे सहाशेसुद्धा स्त्रिया नाहीत, त्यामागे हाच हिशेब आहे. प्रेमाचं माणूस होतं, पण मनीऑर्डरच्या अंतरावर. हा एकटेपणा गिरणगावाने, म्हणजे गिरण्यांभोवतीच्या कामगार वस्तीने, ज्या वाटेने हलका केला ती आजच्या वाचकाला रूक्ष वाटेल. इथे माणसं आधी व्यवहाराने बांधली गेली, जिव्हाळा मागून आला.

एका गावचे लोक मिळून चाळीत खोली घेत आणि भाडं वाटून देत. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पथारी टाके. गावाहून नवा पोरगा आला की गाववालेच त्याला कामगार भरती करणाऱ्या जॉबरपुढे उभा करत. जेवण खाणावळीत. ती चालवणारी बहुधा एखाद्या कामगाराची बायको किंवा विधवा असे. पैसे पगार झाल्यावर, म्हणजे महिनाभर सगळं उधार, आणि उधारी ओळखीशिवाय चालत नाही. मेंबर, म्हणजे खाणावळीत जेवणारा, कुठल्या गिरणीत, कुठल्या गावचा, त्याची हमी कोण घेणार, हे बाईला ठाऊक असावंच लागे. कोण आज जेवायला फिरकला नाही, हेही ताट मांडणारीलाच आधी कळे. 1928 चा गिरणी कामगारांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत टिकला. त्याचं श्रेय पुढाऱ्यांना देतात ते रास्तच, पण सहा महिने पगाराविना काढायचे तर असा उधारीचा आधारही लागतो.

या आपुलकीला जातीचं कुंपण होतं, हा आक्षेप मला मोडून काढता येत नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या समजुतीने दलित कामगाराला विणकाम खात्यात शिरकाव नव्हता. त्याच 1928 च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. गाववाल्यांच्या खोलीतला ओलावा गाववाल्यांपुरताच. मात्र हे कुंपण जिथे थोडंफार वाकलं, तिथेही एकत्र काम करणं आधी आलं. कम्युनिस्ट शाहिरांच्या लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे मातंग, अमर शेख मुसलमान, आणि सोबत शाहीर गव्हाणकर. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड बायकोच्या विरहापासून निघून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत पोचते. घरची हुरहूर चारचौघांत मांडायची सवय गिरणगावाला तोवर लागलेली होती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पुरुषांचा एकटेपणा सरला तो बायकांच्या पाठीवर. पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या बाईला कोण होतं? मेंबर महिन्याने पैसे देत, तोवर वाण्याचं देणं तिच्या डोक्यावर, आणि सावकार व्याज लावायला बसलेला. याचं उत्तर उशिरा आलं. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज खाणावळवाल्यांपर्यंत पोचवलं. तारण म्हणून ठेवायला या बायकांकडे काहीच नव्हतं, म्हणून त्या गट करून एकमेकींना जामीन राहिल्या.