अभ्यासाचा वेळ जातो कुठे? इन्फिनिट स्क्रोल आणि ॲप टायमर

छत्रपती संभाजीनगरात निराला बाजारला मित्रांसोबत चहाला गेलात, तर चहा संपतो, कोणीतरी 'चला' म्हणतं आणि तुम्ही रूमवर परत येता. रील्समध्ये असं 'चला' म्हणणारं कोणी नसतं.

असं का होतं?
पूर्वी वेबपेजच्या तळाशी 'पुढील पान' असं बटण असायचं. ते दाबताना माणूस क्षणभर थांबायचा. २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने ते बटणच काढून टाकणारी रचना केली. तिला इन्फिनिट स्क्रोल म्हणतात. तळाशी पोहोचण्याआधीच पुढचा मजकूर लोड होतो. पुढे खुद्द रास्किननेच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि 'नेट पॅक संपला' हा ब्रेकही गेला.

हिशोब करून बघा: रोज २ तास, तर ९० दिवसांच्या सेमिस्टरमध्ये १८० तास.

काय करायचं?
सबमिशनच्या तारखा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच येतात, त्यामुळे फोन बंद ठेवणं जमत नाही. त्याऐवजी:

- अँड्रॉइड: सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडून त्या ॲपला टायमर लावा. वेळ संपली की ॲप रात्री १२ पर्यंत बंद.
- आयफोन: 'स्क्रीन टाइम'मध्ये 'ॲप लिमिट्स'.
- अभ्यासाला बसताना 'फोकस मोड', गप्पांचे ग्रुप म्यूट.

टायमर लावणारे तुम्हीच, त्यामुळे तो कधीही काढता येतो. म्हणजे हे काही कुलूप नाही. तो फक्त 'चला' म्हणतो, उठायचं आपल्यालाच.