गाण्याला गुण किती?

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा मंडळातील भगिनींचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतच, म्हणून आधी संकोच वाटला. पण मागे एकदा आमच्या धाकट्याने प्रगतिपुस्तक आणले. ‘कला’ या विषयापुढची श्रेणी पाहून तो हिरमुसला होता. म्हणाला, “आई, मला गाता येत नाही.” तेव्हा मला माझेच प्रगतिपुस्तक आठवले आणि हा विषय सुचला.

माझे माहेर नगरकडचे. चौथीपर्यंत मी एका मिशनच्या शाळेत होते. रोज प्रार्थना असे आणि शनिवारी गायनाचा तास. बाई स्वतः पेटी वाजवीत. माझा आवाज जाडाभरडा. तिसरीत नाताळच्या कार्यक्रमाआधी बाई म्हणाल्या, “तू नुसते ओठ हलव.” मी तशीच ओठ हलवीत उभी राहिले. वर्षअखेर गायनापुढे ‘असमाधानकारक’ असा शेरा आला. त्या शेऱ्याने माझे तोंड जे मिटले, ते पुढे लेकरांना अंगाई म्हणतानाही मोठ्याने उघडेना.

पुढे या शाळांचा इतिहास वाचनात आला. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केले. सिंथिया फरार नावाच्या अविवाहित बाई १८२७ साली मुंबईस उतरल्या, १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली देह ठेवीपर्यंत मुलींना शिकवीत राहिल्या. नगरच्या मुलींच्या शाळा पाहून महात्मा जोतीराव फुल्यांना हुरूप आला आणि त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. तेव्हा आपण सर्व शिकलेल्या बायका नगरच्या त्या शाळांच्या थोड्या ऋणी आहोतच.

ख्रिस्ती उपासनेत गाणे हवेच, म्हणून ते शाळेतही आले. पण आरंभीची पुष्कळ गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि चालीही तिकडच्याच. रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांनी अशी बरीच गीते मराठीत आणली. आता विचार करा, जात्यावरची ओवी ऐकत वाढलेल्या पोराला ती चाल कशी उचलावी? न उचलली तर गुण कोणाचे कापावे, पोराचे की चालीचे?

याचे उत्तर नगरच्याच मंडळींनी दिले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी आपल्या कीर्तनाची रीत उचलून ख्रिस्ती कीर्तने रचली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुष्कळ वर्षे नगरला राहिले. १९१९ साली ते वारले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग, ओव्या, भजने रचली आणि मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या चालीत गाता आले. माणसे तीच, गळे तेच. बदलली ती चाल. शिवाय कीर्तनात एक जण पुढे म्हणतो, बाकीचे धृपद धरतात, कोणी टाळ धरतो. तिथे कोणाला नुसते ओठ हलवायला सांगत नाहीत.

गाण्याची परीक्षा वाईट असे मी म्हणत नाही. इंग्लंडात सारा ग्लोव्हर या बाईंनी मुलांसाठी सोपी स्वरलिपी काढली. पुढे जॉन कर्वेन या धर्मोपदेशकांनी ती वाढवून पायरीपायरीची प्रमाणपत्रे ठेवली. आपल्याकडे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या परंपरेतील मंडळ १९३१ साली स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका वगैरे त्याच्या परीक्षा आपल्या ऐकण्यात आहेत. पण त्या गाणे शिकू म्हणणाऱ्यासाठी. पहिली-दुसरीचे पोर काही गवई व्हायला शाळेत येत नाही.

महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात कलेला एका दिवसाची परीक्षा न ठेवता वर्षभराच्या नोंदींवरून श्रेणी द्यायचे ठरले. हेतू चांगला, पण नोंद कशाची करायची? नुसत्या गळ्याची केली तर जुनीच चूक नव्या कागदावर.

माझ्यापुरते उत्तर मला चौथीतच मिळाले होते. नव्या बाई आल्या. त्यांनी माझ्या हातात झांजा दिल्या. वर्षभर मी एक ठोका चुकू दिला नाही. बाईंनी शेरा लिहिला, ‘ताल उत्तम’. गळ्याची भीती गेली नाही, पण गाण्याशी नाते तुटले नाही. आज मंडळाच्या भजनात मी टाळ धरते, ती त्या दोन शब्दांची कमाई.

आमचा धाकटा बोहाड्यात संबळ वाजू लागला की पाऊल अचूक टाकतो. त्याला गाणे येत नाही असे कसे म्हणावे? भगिनींनो, शाळेत पालकसभेला जाल तेव्हा गुरुजींना, बाईंना नम्रपणे एवढे सांगा: सूर पाहा, पण ताल, शब्द, दुसऱ्याचे ऐकून घेणे आणि जूनपासून मार्चपर्यंत मूल किती पुढे आले, हेही पाहा. आणि काहीही झाले तरी लेकराला ‘ओठ हलव’ म्हणू नका.

चूकभूल पदरात घ्यावी.